हातातला कापूस

कुसुम गेली त्याला सहा आठवडे झाले. माझी धाकटी बहीण, आणि आम्हा दोघींना एकाच घरात दिल्यामुळे माझी जाऊही. मी चमच्यानं पाजलेलं पाणी तिच्या फुप्फुसात गेलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. कंपवातात गिळण्याची ताकदही जाते, हे मला सांगितलेलं होतं. आता स्वतः पाणी पितानाही घोट घेण्याआधी मी थांबते...

काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत आम्ही चाळीस वर्षं फुलवाती वळल्या. घाटावरचे दुकानदार पुड्या घेऊन जायचे. बोलताना, टीव्ही बघताना आमचे अंगठे तर्जनीवर फिरतच असायचे. त्यामुळे कुसुमचा अंगठा रिकाम्या हातीही फिरायला लागला तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. हिच्या हाताला कमाईची हाव सुटली, असं मीच हसून म्हणाले होते. दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस घाटाच्या पायरीवर तिचे पाय दगडाला चिकटल्यासारखे झाले. मागून लोक ओरडत होते, आणि हिला पाऊल उचलता येईना. तेव्हा कुठे आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, गोळ्यांनी थरथर दबते, आजार पुढे सरकतच राहतो. तो थांबवेल अशा औषधावर त्यांचं काम चाललं होतं, पण रोग्यांवर चाचणी करायला पैसा मिळत नव्हता. बहिणीबहिणींत हा आजार सहसा येत नाही, असंही ते म्हणाले. त्या ‘सहसा’वर मी दिवस काढते आहे.

आमच्याकडे बायका आपल्या तेराव्याचे पैसे आधीच बाजूला ठेवतात. कुसुमनं ते त्या औषधाच्या कामाला द्यायचं ठरवलं. मी भडकले. भिक्षुकाचं घर, काशीत मरायचं आणि तेरावं उरकून टाकायचं? शिवाय ते औषध तुझ्या हयातीत येणार नाही, असं मी तिला तोंडावर सांगितलं. तिचा आवाज तेव्हा फार बारीक झाला होता. कान तोंडाशी न्यावा लागायचा.

“ताई, माझ्यासाठी कोण मागतंय? तुझ्या हातात आत्ता कापूस आहे का?”

नव्हता... अंगठा फिरत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळपासून कापूस हातात धरून बसायला लागले, म्हणजे कोणाला विचारायला जागा राहणार नाही. सून शेजारणीला सांगायची, सासूबाईंना या वयात कामाचा हुरूप आलाय. कुसुम नुसती माझ्या हाताकडे बघत राहायची. त्या बघण्याची मला भीती वाटायची, आणि ते बंद झालं त्याची आता जास्त वाटते.

तेराव्याला पाचच ब्राह्मण जेवले. गल्लीत जे बोलणं झालं ते ऐकून घेतलं. उरलेल्या पैशांचा चेक घेऊन मी मुलाबरोबर दवाखान्यात गेले. पुण्य म्हणून दिले नाहीत, भ्यायले म्हणून दिले. औषध कधी येईल, हे विचारायचं ठरवून गेले होते, पण नुसता चेक डाव्या हातानं पुढे केला. डॉक्टरांनी पावती दिली, कुसुमची आठवण काढली. मग माझ्या पदराकडे बघून म्हणाले,

“माताजी, ज़रा दोनों हाथ टेबल पर रखिए।”

मी डावा ठेवला. उजवा पदराखालीच राहिला... कुसुम असती तर तिनं तो ओढून बाहेर काढला असता.