ओटीपी सांगण्याआधी

लोणखेड्यात आमच्या घरचं नेट सोमवारपासून बंद आहे. कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं, "सेवा कधीही खंडित होऊ शकते, ही अट तुम्हीच मान्य केलीय."

मी? कधी? मग आठवलं. नेट जोडलं त्या दिवशी मी भाकरी थापत होते, तिथूनच ओरडून ओटीपी सांगितला होता. तोच माझा होकार!

आज दुपारी दुरुस्तीवाला आला. वायरला हात लावण्याआधीच म्हणाला, "ताई, ओटीपी सांगा."

"कसाना शे हाऊ ओटीपी?" कशाचा हा ओटीपी, मी आमच्या अहिराणीत विचारलं.

"तक्रार मिटनी, अशी नोंद कराले."

"भाऊ, नेट तर अजून बंद शे!"

"काय करू ताई, कंपनी आधी ओटीपीच मांगस."

मी सांगितला नाही. नेट अजून बंदच आहे, हे मोबाइलवरून लिहितेय.

ओटीपी सांगून तुम्ही आजवर कशाकशाला हो म्हणालात, ठाऊक आहे का?