तीनदा विसळलेली बाटली

पाणीखात्यात सगळे तिला बाटलीताई म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाईट वाटायला उसंत तरी कुठे होती? तेवीस वर्षं ती शहरभर हिंडून लोकांच्या नळांचं पाणी तपासणीसाठी भरून आणत होती. खांद्याला बर्फाची पेटी, पेटीत बारा काचेच्या बाटल्या. नळ कुणाचाही असो, बाई आधी त्याचं तोंड पुसणार, दोन मिनिटं पाणी सोडून देणार, मग बाटली तीनदा खळखळून विसळणार आणि चौथ्यांदा भरणार.

हे तीनदा विसळणं तिची स्वतःची भर. प्रयोगशाळेतून आलेल्या बाटल्यांच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असायची. बाटल्या धुणाऱ्या बाईच्या हातून साबण राहतो, हे तिनं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. साबण तिला कळत नाही तर कुणाला कळणार? नव्यानं लागणाऱ्या प्रत्येकाला ती हेच शिकवायची आणि वर बजावायची, "त्या बाईच्या भरवशावर राहू नका." धुणारी बाई बिचारी निवृत्तही झाली, पण आपल्या नावावर काय खपवलं जातंय याचा तिला पत्ता नव्हता.

तर अशा या स्वच्छ बाईचं आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीशी तीन वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्यालाही ही बाटलीच कारण.

धाकटी उताराच्या गल्लीत राहायची. गल्लीत सारखी कुणाची ना कुणाची पोटं बिघडलेली. "ताई, आमच्या पाण्यात काहीतरी आहे गं," धाकटी म्हणायची. ताईनं एकदा नाही, सात वेळा तिच्या नळाचं पाणी भरून नेलं. साती वेळा निकाल एकच, पाणी चांगलं. आठव्यांदा धाकटीनं विषय काढला तेव्हा ताई म्हणाली, "नळ ठीक आहे. तू तुझं स्वयंपाकघर बघ एकदा." आता धाकटीचा ओटा असा, की त्यात आपलं तोंड दिसावं. ती ताईला दारापर्यंत सोडायला आली नाही, आणि तेव्हापासून दोघी कुणाच्या लग्नात भेटल्या तरी मांडवाच्या दोन टोकांना बसत. ताईला रात्रंदिवस ते टोचायचं. पण निकाल आपल्या बाजूनं असताना माघार घ्यायची तरी कशी?

मग सरकारनं पाण्याचा कायदाच बदलला. इतके दिवस प्रत्येक कचेरीची आपापली रीत होती. आता देशभर एकच पद्धत, आणि ती शिकवायला माणसं गावोगाव निघाली. नव्या पद्धतीच्या पुस्तकात चित्रं होती, भाषा समजेल अशी होती, यावरूनच कचेरीतल्या निम्म्या लोकांचा त्यावर विश्वास बसेना. आणखी एक कलम होतं, ज्यानं सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या: निकाल फायलीत ठेवायचा नाही. ज्यानं बाटली भरली त्यानंच एका दिवसात घरी जाऊन तो सांगायचा, चांगला असो की वाईट.

प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहात चाळीस जण होते. शिकवायला आलेली मुलगी ताईच्या लेकीच्या वयाची. "सगळ्यात अनुभवी कोण?" तिनं विचारलं, आणि चाळीसही माना ताईकडे वळल्या. ताई ऐटीत उठली. कोपऱ्यातला नळ पुसला, पाणी सोडलं, बाटली विसळली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा विसळताना तिनं बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवलीसुद्धा.

मुलीनं हळूच विचारलं, "मावशी, आतली पूड कुठे गेली?"

"साबण होता तो. काढला."

"साबण नाही मावशी, औषध आहे ते. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. पूड त्याला बाटलीत जागच्या जागी थांबवते. ती धुऊन टाकली, तर क्लोरीन वाटेत आपलं काम करत राहतं. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू मरतात, आणि खराब पाणीही चांगलं ठरतं."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच गप्प झाले, कारण सगळेच तिचे चेले. ताईनं बाटली खाली ठेवली. तिच्या डोळ्यांसमोर कचेरी नव्हती, साहेब नव्हते. धाकटीचा लखलखीत ओटा होता.

साहेब समजूतदार. म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापासून नव्यानं सुरुवात करू."

"उद्या कशाला?" ताई म्हणाली. "आज उताराच्या गल्लीत जाते."

धाकटी बाजारात गेली होती. मेव्हण्यानं काही न विचारता नळ दाखवला. ताईनं बाटली न विसळता भरली. हात शिवशिवत होते, पण आवरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल आला. पाणी नापास. आपण आणलेलं पाणी नापास झालं म्हणून इतका आनंद झालेली बाई त्या खात्यानं आजवर पाहिली नव्हती. "कायदा असू दे, मी दुसऱ्या कुणाला पाठवतो," साहेब म्हणाले. ती तोवर जिना उतरली होती.

दार धाकटीनंच उघडलं. ताईनं आधी कागद पुढे केला, मग तिला बोलायला सुचलं.

"पाणी खराब आहे. उकळून प्या. तीन दिवसांत पाइप खणून बघणार आहेत, आता तसा कायदाच आहे." आणि मग एका दमात, "तुझं घर स्वच्छच होतं गं. माझी बाटलीच नको तितकी स्वच्छ होती. चुकलं माझं."

धाकटीनं कागद दोनदा वाचला. मग पायांत चपला सरकवल्या, ताईचा हात धरला आणि तिला ओढतच शेजारच्या दारात नेलं. "ही माझी ताई. पाण्यातली घाण हिनं शोधून काढली."

"अगं, शोधून कसली—"

"तू गप्प बस."

अशी नऊ दारं झाली. ताई प्रत्येक ठिकाणी पाणी उकळायला सांगत होती आणि डोळे पुसत होती, आणि धाकटी तिच्याबद्दल जे सांगत होती ते दर दाराला थोडं वाढतच होतं. दहाव्या दारातल्या शिंप्यानं मात्र चष्म्यावरून बघत विचारलं, "मग इतकी वर्षं कसं सापडलं नाही?"

धाकटीनं तोंड उघडलं, पण ताईनं तिला बोलू दिलं नाही. "इतकी वर्षं मी बाटली धूत होते," ती म्हणाली. "धुवायची नसते."

शिंप्यानं चष्मा नाकावर सरकवला.

"आमच्या घरात सगळ्यांनाच स्वच्छतेचं वेड आहे," धाकटी म्हणाली, आणि ताईला घेऊन अकराव्या दाराकडे निघाली.