बनाबाईनं न बांधलेल्या चिंध्या

कळपातलं आजारी मेंढरू बनाबाई लांबूनच ओळखायची. म्हसवडकडच्या वाडीत तिचं लहानपण मेंढरांमागंच गेलेलं. पुढं मेंढरं सुटली, शिवारात पपईच्या बागा उभ्या राहिल्या आणि तीच नजर पानांवर बसली. शेंड्याची पानं सुतळीसारखी बारीक झाली, देठावर तेल ओघळल्यागत गर्द पट्टे दिसले, की ती ओळखायची, व्हायरस. मग झाडाला तांबडी चिंधी बांधायची आणि मालकानं ते झाड उपटून पुरायचं. शेतकऱ्यांच्या गटानं हे काम तिच्यावरच सोपवलं होतं.

गेल्या भाद्रपदात तिला ते पट्टे सात झाडांवर दिसले. बाग तिच्या धाकट्या भावाची, धनाजीची. तिनं चिंध्या काढल्या तसा तो आडवा आला.

"आक्का, फळं भरल्यात गं. पंधरा दिस थांब."

"माव्याचा किडा रोग घिऊन हितनं तिथं उडतोय, धना. बांधापलीकडं सुलाबाईची बाग हाय."

"माझ्यासाठनं एवढं कर. कुणाला कळतंय?"

बनाबाईनं चिंध्या परत कमरेला खोचल्या.

दिवाळीपर्यंत सुलाबाईच्या निम्म्या बागेचे शेंडे आखडले. खुणा करायला बनाबाईच गेली. जवळच्या चिंध्या संपल्या, झाडं संपेनात. सुलाबाईनं तिला सावलीत बसवून चहा दिला.

"तू हायस म्हणून कळलं तरी, बना. आमास्नी काय दिसतंय?"

बनाबाई खाली बघतच बोलली, "धनाच्या बागंतनं आलंय ह्ये. मला दिसलं हुतं. मी बांधलं न्हाई."

"दिसलं हुतं तुला?"

एवढंच विचारून सुलाबाई उठली आणि बागेत निघून गेली. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बनाबाईला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी तिनं धनाजीच्या बागेत चिंध्या बांधल्या. आता सातावर भागत नव्हतं, चाळीस झाडांना लागण झाली होती. तो ओरडत राहिला, ती बांधत राहिली. गटाच्या बैठकीत तिनं स्वतःच उभं राहून सगळं सांगितलं. मान काही वर झाली नाही. काम तिच्याकडंच राहिलं, पण आता तिच्यामागनं गटानं नेमलेली मनुबाई तीच झाडं पुन्हा बघते. बनाबाईला ते लागतं. तरी ती थांबून मनुबाईला देठ उलटून दाखवते.

सुलाबाईनं यंदा पपई लावली नाही. वाटेत गाठ पडली की ती तोंड फिरवते आणि बनाबाई बाजूला होऊन तिला वाट देते.