दादाचं मेण

माझा दादा, जयवंत, मुंबईच्या सरकारी अणुप्रयोगशाळेत लागला तेव्हा आईनं विचारलं, "काम काय रं?" दादा आधीच मुलखाचा लाजरा. म्हणाला, "मेण ओततो."

झालं! आईनं आमच्या अख्ख्या अवसरी गावात सांगितलं, पोरगा मेणबत्त्या करतो. दर बुद्धपौर्णिमेला त्याच्याकडं मेणबत्त्या मागायची. हा पठ्ठ्या मंचरला एसटीतून उतरून दुकानातनं पुडा घ्यायचा अन् गुपचूप तिच्या हातावर ठेवायचा. सात वर्षं! मला माहीत होतं. मीही गप्प बसले, माझंही चुकलंच.

अठ्ठ्याण्णवची बुद्धपौर्णिमा. दादा पुडा घेऊन घरी आलेला. पोखरणला अणुचाचणी झाल्याचं संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं. शेजारचा संपत धावतच आला. "जानकाबाई, तुमचा जयवंत अणूच्याच हापिसात हाय ना? लई मोठं काम केलं राव!"

आई बुद्धाच्या मूर्तीपुढं वंदनेला बसत होती. मेणबत्ती तिच्या हातातच राहिली. संपत गेल्यावर म्हणाली, "जयवंता, बाँब करतोस व्हय?"

"न्हाई गं आई. अणू फुटला की आतनं बारके कण उडत्यात, न्यूट्रॉन म्हणत्यात त्यांना. लई पळत्यात, यंत्राला घावत न्हाईत. मेणातनं गेले की मंदावत्यात, मग मोजता येत्यात. किती उडाले ते सायेब मोजत्यात. मी नुसते मेणाचे ठोकळे ओततो."

"आन् या मेणबत्त्या?"

दादानं मान खाली घातली. "मंचरच्या दुकानातल्या."

"मला वाटलं पहिलं शील मोडलंस, जीव घेतलास. तू तर चौथं मोडलंस. सात वर्षं खोटं!" तिनं मेणबत्ती पुड्यात परत ठेवली. मूर्तीपुढं अंधारच राहिला.

दादाचा चेहरा बघवत नव्हता. तो उठला, सगळा पुडा पातेल्यात वितळवला, पेल्यात सुताची वात धरून मेण ओतलं. मेण थिजलं तेव्हा वात पार कडेला गेलेली.

आईनं ती उलटीपालटी करून पाहिली. "सात वर्षं मेण ओततोस, आन् वात मधी येत न्हाई व्हय रं?" म्हणाली, आणि पेटवली.

तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला दादा घरीच मेण ओतायचा, वात कडेला जायची आणि आई त्याला मनसोक्त बोलायची.

दोन हजार सहाला आई गेली. त्या वर्षी वात बरोबर मधोमध आली. दादा पेला हातात धरून लहान पोरासारखा रडला.