आधी धागा, मग काम

पुण्यातल्या कंपनीने मला काढलं तेव्हा फोनवरच्या बाई इतक्या गोड बोलल्या की फोन ठेवताना मीच त्यांना थँक्यू म्हणाले. याकडे संधी म्हणून बघ, असं त्या म्हणाल्या होत्या. मी सामान बांधून जालन्याला आले आणि संधीकडे बघत बसले.

आईने कॉलनीत सांगून टाकलं की मुलीचं वर्क फ्रॉम होम आहे. मग ते करणं आलं. दहा ते सहा, खिडकीशी, लॅपटॉप उघडा ठेवून मी बसायचे. इतक्या नियमितपणे खरी नोकरीसुद्धा मी केली नव्हती. दोन महिन्यांनी शेजारच्या काकू भाच्याचा बायोडेटा घेऊन आल्या. माझ्या कंपनीत त्याचं काही जमतंय का बघ म्हणाल्या. आईने त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी मला टेंभुर्णीच्या बसमध्ये बसवलं. हिला कामासाठी शांतता लागते, हे कॉलनीला दिलेलं कारण.

टेंभुर्णीला माझी आत्या असते. तिने यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता. सासरच्यांनी ‘बघू किती दिवस’ म्हणून हात झटकले होते. कंपनी नर आणि मादी, दोन्ही रोपं देते. दुपारी मादी झाडाची उद्या उमलणारी कळी चिमट्याने सोलून आतले पुंकेसर काढायचे. सकाळी त्याच फुलाला नराचे परागकण बोटाने लावायचे आणि देठाला लाल धागा बांधायचा. धागा असलेल्या मिरचीचंच बी कंपनीला जातं. मग कंपनी त्यातलं मूठभर पेरून बघते. भेसळ निघाली की सगळं बी नापास, आणि पुढच्या वर्षी प्लॉट नाही.

हे मला सांगितलं होतं. मी मानही हलवली होती. इंग्रजी शाळेत तेवढं चांगलं शिकवतात.

प्लॉटवर जाळीचं शेडनेट होतं, त्यात दहा-बारा बाया होत्या. त्या मला ताई म्हणायच्या आणि माझ्याशी जरा हळू बोलायच्या, आजाऱ्याशी बोलतात तसं. पहिल्या दुपारी मला दोन ओळी मिळाल्या. कळ्या सोलता सोलता मनात आलं, सकाळी ही सोललेली फुलं पानांत शोधत बसण्यापेक्षा आत्ताच धागा बांधला तर? ऑफिसात आम्ही तेच करायचो. तक्रार आली की आधी टॅग, काम नंतर. त्यासाठी मला एकदा सगळ्यांसमोर शाबासकीही मिळाली होती. मी दोन्ही ओळी बांधून काढल्या. फार सुबक दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला नराची फुलं तोडायला दुसऱ्या टोकाला पाठवलं. दहाच्या चहाला एक बाई म्हणाली, “ताईच्या ओळी पहिलेच झाल्त्या. कोन आल्तं इतक्या जल्दी?”

कोणीच आलं नव्हतं. धागा दिसला म्हणून बाया पुढे गेल्या होत्या. माझ्याकडून धागा बांधायचा राहिलेल्या काही फुलांना मात्र त्यांनी पराग लावून धागे बांधले होते. आता त्या दोन ओळींत खरा धागा कुठला आणि माझा कुठला, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

मी चहा संपवला. गप्प राहणं हा माझा लहानपणापासूनचा विषय आहे, त्यात मी कधीच नापास झाले नाही. पराग न लागलेली बरीच फुलं आपोआप गळतील, उरलेल्यांवर भलताच पराग बसला तरी कोणाला कळणार, असा हिशेब मी मनात करत होते. समोर आत्या फडक्याने चिमटे पुसत होती. एकेक चिमटा उजेडात धरून बघत होती.

मी उठून तिच्या कानाशी सांगितलं. तिने चिमटा खाली ठेवला.

“कुठं शिकलीस हे? आधी धागा बांधायचं?”

“ऑफिसात.”

“मंग ते काही बोलले न्हाईत?”

“त्यांनी काढलं मला.”

“धाग्यापायी?”

“नाही गं. खूप जणांना काढलं.”

आत्या म्हणाली, “ते जाऊ दे. आता बायांना सांग. माझ्या कानात न्हाई, मोठ्यानं.”

मी मोठ्याने सांगितलं. धागेही आणि नोकरीही. आवाज एकदा चढल्यावर मध्येच कुठे थांबायचं ते मला समजेना. बायांतली सगळ्यात म्हातारी म्हणाली, “म्हणजे आमच्यासारखीच बिननोकरीची हैस की. मंग कवाधरनं ताई-ताई काय करून राह्यलो आम्ही.” त्या दिवसापासून मला एकेरी शिव्या सुरू झाल्या.

दोन्ही ओळींतलं धागा असलेलं प्रत्येक फूल मी खुडलं. सोबत कोणी आलं नाही, येऊही नये. पुढचे आठ दिवस आत्याने मला मादीला हात लावू दिला नाही. मी नराच्या ओळीत. लग्नाआधीच पोरगी नरांत घातली, हा विनोद शेडमध्ये रोज नव्याने व्हायचा आणि रोज तितकाच चालायचा. आईला जालन्यात दारावरच्या भाजीवालीकडून सगळं कळलं. ती चार दिवस बोलली नाही, मग फोन करून विचारलं की उन्हात टोपी घालतेस ना.

काही महिन्यांनी आत्याचं बी पास झालं. ही बातमी सांगताना तिने माझ्या दोन ओळींची गोष्टही अख्ख्या गावाला, हातवारे करून सांगितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आठवड्यात पलीकडच्या शेडनेटवाल्याचा आत्याला फोन आला. त्याच्याकडे सगळ्या बाया नव्या होत्या. चुका करून बसलेली ती पोरगी पाठवा म्हणाला, शिकलेल्या पुष्कळ येतात, काय बिघडू शकतं ते कोणी सांगत नाही.

आत्याने मला विचारलंच नाही. जाईल म्हणून कळवून टाकलं.

आता मी तीन शेडमध्ये जाते. नव्या बायांपुढे उभी राहते आणि पहिलं वाक्य म्हणते: “मी काय केलं होतं ते आधी ऐका.”