खांद्यात न बसलेला अंगरखा

आपली पोर दुसऱ्याच्या नावावर करायची हे ऐकून ज्याचं रक्त तापत नाही तो बाप कसला, असं मी म्हणायचो. मुलाला तोंडावर म्हणालो. विठ्ठलालाही म्हणालो. माझं शिक्षण फार नाही, लिहिण्यात चुकेन, पण घडलं ते असं.

मुलाचं आणि सुनेचं पटलं नाही. वेगळे झाले तेव्हा नात रांगत होती. सून तिला घेऊन नंजनगूडला गेली, तिथल्या कारखान्यातल्या एका माणसाशी तिने लग्न केलं. आता तो माणूस नातीला कायद्याने दत्तक घेणार, आणि त्यासाठी माझ्या मुलाने कोर्टात बापाचा हक्क सोडायचा. मुलगा तयार होता. म्हणाला, "बाबा, ताप आला की ती त्यालाच बिलगते. अप्पा त्यालाच म्हणते. मी सणासुदीला बाहुली घेऊन जातो, हा काय बाप झाला?"

"सही केलीस तर मला तोंड दाखवू नकोस," मी म्हणालो. माझ्या सहीची कुणाला गरज नव्हती, पण माझ्या शब्दाबाहेर तो जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही बापलेक शिंपी, दुकानात आमच्या मशिनी पाठीला पाठ लावून आहेत. दिवसभर मशिनीच बोलायच्या. कोर्टाची तारीख एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होती.

एकादशीचा विठ्ठलाचा अंगरखा बापामागे मीच शिवतो. आमच्या देवळातला देव लहान मुलाएवढा, पण खांद्याने रुंद. मी टेप लावत नाही, माप पाठ आहे. त्या सकाळी पुजारी चढवायला गेले तर अंगरखा खांद्यावर बसेना. ओढला, फिरवला, नाहीच. भजन थांबलं. मागून एकजण म्हणाला, "काय मास्तर, देव जाड झाला की तुमची नजर बारीक झाली?" सगळे हसले. मी कापड हातात घेऊन वितीने मापलं. खांदा, छाती, बाही, सगळं नातीच्या मापाचं. तिचे झगे मीच शिवून पाठवतो. डोक्यात ती, कात्रीही तिच्याच अंगाने फिरली.

आमच्या देवळाची रीत अशी, की देवासाठी कापलेलं कापड शिंप्याच्या घरी परत जात नाही. देवाला झालं नाही तर दुसऱ्या घरी द्यायचं. पुजारी म्हणाले, "कुणाला येतंय बघा, देऊन टाका." येणार ते एकीलाच, आणि ती माझ्या घरची!

खांबाशी एक म्हातारी बसली होती, बन्नूर गावाहून आलेय म्हणाली. कधी पाहिलेली नव्हती. तिने कन्नडमध्ये विचारलं, कुणाला होईल? मी म्हणालो, नातीला, पण चालत नाही. "राहते कुठं?" नंजनगूडला, आईजवळ. म्हातारी हसली. "एल्ली बेळीताळो अदे अवळ मने, अप्पा." जिथं वाढते तेच तिचं घर. "देवाने स्वतःचा अंगरखा तिला धाडला. तुम्ही का मधे?"

प्रसादानंतर तिला शोधलं, दिसली नाही. बस पकडली असेल. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी देवळातून अंगरखा घेऊन मी मुलाबरोबर रिक्षात बसलो. कोर्टात तो माणूस नातीचा हात धरून उभा होता. मी अंगरखा त्याच्या हातात ठेवला. मुलाने पेन उचललं आणि माझ्याकडे बघत राहिला. विठ्ठला, एवढं एकदा तूच बोल, मी मनात म्हटलं. मग माझ्याच तोंडून आलं, "कर बाळा."

सही झाली. मुलगा बाकावर बसून रडला. कारकुनाने माझ्याकडे पाहून विचारलं, हे कोण? आता मी कोण, हे मलाच सांगता येईना. तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "आमच्या घरचे अज्जा आहेत."

मी भिंतीला टेकलो. मुठीत धरली होती तेव्हा नात माझ्यापासून दूरच होती. मूठ उघडली, तर देवाने मला एक घर जास्त दिलं. त्याचे उपकार मी कसे फेडू? आता देवासमोर उभा राहतो तेव्हा त्याला काही सुनावत नाही. तो करतो ते बघतो.