रंग जाण्याची वाट

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा नागपूरहून रेल्वेने येत, स्लाइड पाहत आणि संध्याकाळच्या गाडीने परतत.

त्या दिवशी सौंसरकडचे एक म्हातारे बागाईतदार मुलासोबत निकालासाठी आले. त्यांच्या पाठीची गाठ काढून आमच्याकडे तपासायला दिली होती. मी त्यांना पाणी दिलं.

"कोनाची व तू?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मी आईचं नाव आणि सौंसरची बौद्ध वस्ती सांगितली. आई त्यांच्याच बागेत संत्री तोडायची. तिथे तिला पाणी वरून, ओंजळीत मिळे. ग्लास बाकावर तसाच राहिला.

गाठीतल्या पेशी गुलाबी रंगल्या होत्या, म्हणजे त्यांत साखर होती. ती नुसती साठवलेली असेल, तर गाठ साधी. प्रथिनाला जोडलेली असेल, तर कॅन्सर पोटातून पसरल्याची शंका. साठवलेली साखर विरघळवून टाकणारी पावडर संपली होती.

"थुंकीनंही विरघळते," डॉक्टर म्हणाले.

"माही घ्या ना सर, फुकट हाय," मदतनीस म्हणाला.

"तुझ्या तंबाखूच्या खर्र्यानं स्लाइडच मरेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तीनदा चूळ भरली. एका स्लाइडवर थुंकी टाकली, दुसरी तशीच ठेवली. वीस मिनिटं थांबायचं होतं. मी बसले, उठले, घड्याळ पाहिलं, पुन्हा बसले.

"काय करून राहिली बाई इतका वेळ?" मुलानं दारातून विचारलं.

"होऊन राहिलं जी."

मग दोन्ही स्लाइड धुतल्या, आधी आम्लात, मग रंगात बुडवल्या आणि शेवटी नळाखाली धरल्या. धारेखाली दुसरी गुलाबी होत गेली. पहिली फिकटच राहिली. पण नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. डॉक्टरांनी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली आलटूनपालटून पाहिल्या.

"रंग गेला. साधी गाठ आहे."

मुलगा भिंतीला टेकला. म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोन्तं औषध टाकलं व?"

मी उत्तर जुळवत होते. मदतनीस बोलून गेला, "बाईची थुंकी जी."

मुलानं मान खाली घातली. म्हातारे हसले. "वाचलो ना, मंग झालं."

सौंसरच्या बसची वेळ झाली होती. ते गेले तेव्हा ग्लास भरलेलाच होता. मी तो बेसिनमध्ये ओतला आणि दोन्ही स्लाइडवर त्यांचा नंबर लिहिला.